रविवारच्या हिशोबाने ग्राउप्नर कसा ऐकायचा

ज्यांचं बाख, हँडेल, विवाल्डी थोडंफार ऐकून झालंय आणि आता पुढे काय ऐकू असं वाटतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. क्रिस्टोफ ग्राउप्नर हा बाख-हँडेलच्याच पिढीतला जर्मन संगीतकार, जन्म १६८३ चा, म्हणजे त्या दोघांपेक्षा दोनच वर्षांनी मोठा, आणि त्याने लिहिलेल्या नुसत्या चर्च कँटाटाच (चर्चच्या प्रार्थनेत गायच्या, वाद्यांच्या साथीच्या रचना) १४०० च्या वर आहेत, शिवाय शंभरावर सिंफनी, ८० च्या वर ओव्हर्चर-सुइट्स (वाद्यवृंदासाठी नाचांच्या माळा), ४० च्या वर कॉन्चेर्टो आणि हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या वाद्यासाठी ढीगभर पार्टिटा, म्हणजे पुन्हा नाचांच्याच माळा. एवढा पसारा बघून माणूस यूट्यूबवर काहीतरी एक लावतो, पाच मिनिटं ऐकतो, "बाखसारखं आहे" म्हणतो आणि परत बाखकडे जातो. असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. या माणसाने आयुष्यभर दर रविवारसाठी लिहिलं, त्यामुळे त्याला ऐकायचंही रविवार धरूनच, थोडं थोडं, आणि जमेल तेव्हा त्याचं हस्ताक्षर समोर ठेवून. ते पुण्यात घरबसल्या, एक रुपया खर्च न करता कसं जमतं ते सांगतो.

आधी सर्चचं. आडनावाचं स्पेलिंग जी-आर-ए-यू-पी-एन-ई-आर. पहिल्या नावाच्या, क्रिस्टोफच्या, शेवटी पी-एच आहे, एफ टाकलात तर निम्मे रिझल्ट दिसत नाहीत. आणि प्रत्येक रचनेला एक जीडब्ल्यूव्ही नंबर, म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक, असतो, बाखच्या बीडब्ल्यूव्हीसारखाच, तो नंबर लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, कारण सिंफनी इन डी मेजर म्हणून शोधायला गेलात तर तशा अक्षरशः डझनांनी निघतात.

आयुष्य थोडक्यात, कारण त्यातलं बरंचसं ऐकताना उपयोगी पडतं. जन्म सॅक्सनीतल्या किर्शबर्गजवळच्या हार्टमान्सडोर्फचा, शिक्षण लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत, गुरू योहान कुनाउ, आणि तो कुनाउच्या नोटेशनच्या नकला करून द्यायचा, त्याचं स्वतःचं अक्षर पुढे इतकं सुबक का आहे ते इथे कळतं. मग त्याच गावात कायद्याचं शिक्षण. १७०६ मध्ये स्वीडिश फौजा सॅक्सनीत घुसल्या आणि तो हँबर्गला गेला, तिथे गेन्झेमार्क्टच्या ऑपेरा हाउसमध्ये हार्प्सिकॉर्ड वाजवायला लागला. तरुण हँडेलही त्याच सुमारास याच ऑपेरात व्हायोलिन वाजवायचा. हँबर्गला ग्राउप्नरने ऑपेरे लिहिले, त्यातल्या १७०८ च्या 'अँटिओकस उंड स्ट्राटोनिका'चं बॉस्टन अर्ली म्युझिक फेस्टिव्हलने केलेलं पूर्ण रेकॉर्डिंग आहे, पण सुरुवात त्याने करू नका, फार लांब आहे.

१७०९ मध्ये हेसेन-डार्मश्टाटचा लांडग्राफ, म्हणजे तिथला राजाच म्हणा, एर्न्स्ट लुडविग याने त्याला नोकरीवर घेतलं, १७११-१२ च्या सुमारास तो दरबाराचा मुख्य संगीतकार झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे १७६० पर्यंत, तिथेच राहिला. राजाला ऑपेराचा भयंकर शौक, पण खजिन्यात पैसा नाही, त्यामुळे १७१९ च्या सुमारास ऑपेरा बंद पडला आणि ग्राउप्नरची सगळी ताकद किल्ल्यातल्या चर्चसाठी लिहिण्यात गेली. १७४० मध्ये छापून आलेल्या आत्मवृत्तात तो लिहितो की काम इतकं आहे की एक रविवार संपतो तोवर दुसरा येतो, मध्येच सणवार येतात, दुसरं काही करायला सवडच नाही. आधी गोटफ्रीड ग्रुनेवाल्ड नावाचा सहकारी निम्मं काम उचलायचा, १७३९ मध्ये तो गेला, तिथून पुढे जवळजवळ सगळं एकट्यावर. १७५४ मध्ये दृष्टी गेली आणि लिहिणं थांबलं.

आता लाइपझिगचा किस्सा, जो सगळीकडे सापडतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या सुरात सांगितला जातो. १७२२ मध्ये कुनाउ वारले आणि सेंट थॉमसच्या कँटरची, म्हणजे तिथल्या संगीतप्रमुखाची, जागा रिकामी झाली. शहराच्या कौन्सिलने आधी टेलेमान या हँबर्गच्या नावाजलेल्या संगीतकाराला निवडलं, त्याने ती ऑफर दाखवून हँबर्गला पगार वाढवून घेतला आणि नकार कळवला. मग ग्राउप्नर. त्याने १७ जानेवारी १७२३ ला परीक्षेच्या कँटाटा सादर केल्या, कौन्सिलला तो पसंत होता, पण लांडग्राफने त्याला सोडायला साफ नकार दिला आणि पगार वाढवून दिला. त्यानंतर ती जागा बाखला मिळाली. लोक याला बाखच्या गोष्टीतली तळटीप करून टाकतात. मला त्यातला महत्त्वाचा भाग वेगळा वाटतो, ग्राउप्नरने ४ मे १७२३ ला लाइपझिगला पत्र लिहून बाखबद्दल चांगलं कळवलं, की हा माणूस ऑर्गनवर तयार आहे आणि चर्चसंगीतात जाणकार आहे. स्वतःची हुकलेली जागा ज्याला मिळते त्याच्याबद्दल असं लिहायला मन मोठं लागतं. आणि त्याने तेव्हा सादर केलेलं काय होतं ते आज ऐकता येतं, लाइपझिगसाठी लिहिलेला मॅग्निफिकाट (बायबलमधलं मेरीचं स्तुतिगीत) म्हणजे जीडब्ल्यूव्ही ११७२/२२, आणि कँटाटा 'आउस डेअर टीफेन रूफेन विअर', जीडब्ल्यूव्ही १११३/२३. ही दोन एका बैठकीत ऐकली की हा पर्याय म्हणून उभा केलेला कुणी नव्हता हे आपोआप कळतं.

पण पहिल्याच आठवड्यात कँटाटांना हात लावू नका. सुरुवात रेकॉर्डरपासून करा, रेकॉर्डर म्हणजे उभी धरून वाजवायची ती लाकडी बासरी. एफ मेजरचा कॉन्चेर्टो, जीडब्ल्यूव्ही ३२३, आणि त्याच सुरातला सुइट, जीडब्ल्यूव्ही ४४७. दोन्ही मोकळ्या चालीचे आहेत, लगेच आवडतात, आणि ग्राउप्नरची एक खोड तिथेच लक्षात येते, तो छोटासा तुकडा घेतो आणि तो इतक्या वेळा, इतक्या ठिकाणी ठेवतो की आता पुरे असं वाटायच्या क्षणी अचानक भलतीकडे वळतो. बाखचं विणकाम ऐकायची सवय असेल तर हे आधी साधं वाटेल. दोनतीनदा ऐका, मग तो कुठे वळणार याची वाट बघायला मजा येते.

दुसरा टप्पा हार्प्सिकॉर्ड. इथे कृपा करून मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, हार्प्सिकॉर्डच्या तारा पिसाच्या टोकाने छेडल्या जातात, त्यातला खालचा भरणा छोट्या स्पीकरवर येतच नाही आणि नुसती खणखण राहते, साधे वायरवाले इअरफोन लावले तरी फरक पडतो. माँट्रियलच्या जनेव्हिएव्ह सोली यांनी ग्राउप्नरच्या पार्टिटांची मोठी मालिका रेकॉर्ड केली आहे, ती स्ट्रीमिंगवर सापडते. त्यातून 'विंटर' पार्टिटा आधी घ्या, एफ मायनर, जीडब्ल्यूव्ही १२१. १७३३ मध्ये त्याने चार ऋतूंवर चार पार्टिटा काढल्या होत्या, त्यातला हिवाळा तेवढा हाती उरलाय, बाकीचे तीन गेले. या नाचांमध्ये प्रत्येक भाग दोनदा वाजतो, दुसऱ्या खेपेला वादक काय जास्तीचं घालतो तिकडे कान ठेवा, आणि साराबांद हा तीन मात्रांचा संथ नाच आला की मनात तीन मोजा आणि दुसऱ्या मात्रेवर वजन पडतंय का बघा. एवढं जमलं की सुइटमधले नाच एकमेकांपासून वेगळे ऐकू यायला लागतात.

घरात कोणी ग्रेडच्या परीक्षांसाठी कीबोर्ड किंवा पियानो शिकत असेल तर त्यांच्यासाठी तर खजिनाच आहे. १७२२ मध्ये ग्राउप्नरने 'मोनाटलिखे क्लाविअर फ्रुश्टे' नावाचा संच छापला, बारा महिन्यांच्या बारा पार्टिटा, जीडब्ल्यूव्ही १०९ ते १२०, आणि मुखपृष्ठावरच लिहिलंय की हे बहुतांशी नवशिक्यांसाठी आहे. जानेवारीतले छोटे मिन्युएट दोन-तीन वर्षं शिकलेल्या मुलाला सहज बसतात. घरच्या ६१ पट्ट्यांच्या कॅसिओ किंवा यामाहावर वाजवायचं असेल तर दोन सेटिंग्ज बदला, टोन हार्प्सिकॉर्ड करा आणि टच सेन्सिटिव्हिटी बंद करा. हार्प्सिकॉर्डला जोरात दाबलं काय हळू दाबलं काय आवाज तेवढाच येतो, त्यामुळे सुराला वजन द्यायचं तर तो किंचित जास्त धरून ठेवायचा किंवा त्याच्या आधी जरासा श्वास सोडायचा, आणि टच बंद केल्यावर मुलांना हे दोन दिवसांत हाताला कळतं, तोंडी सांगून महिना गेला तरी कळत नाही. सस्टेन पेडल काढून ठेवा. जो महिना चालू आहे त्या महिन्याची पार्टिटा घ्यायची, एवढंच.

आता कँटाटा. मराठी माणसाला ही गोष्ट समजायला सगळ्यात सोपी पडावी, कारण नारद मंदिरात किंवा गावाकडे कीर्तन ऐकलेलं असतं. त्या दिवसाचं बायबलमधलं वाचन हा विषय, रेसिटेटिव्ह म्हणजे निरूपण, त्यात गाणारा बोलल्यासारखं पुढे पुढे जातो, आरिया आली की एकाच भावावर थांबायचं, आणि कोराल म्हणजे जमलेल्या सगळ्यांना पाठ असलेलं भजन, जे ऐकताना चर्चमधला प्रत्येक माणूस मनात म्हणत असणार. ग्राउप्नर कोरालवर जे करतो ते माझ्या मते त्याचं सगळ्यात सुंदर काम. गायक भजनाची एक ओळ साधी, संथ, सरळ गातात, थांबतात, आणि खाली व्हायोलिन्स आपल्याच नादात पळत असतात, मग पुढची ओळ. पहिल्यांदा ऐकताना फक्त व्हायोलिन्सकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त भजनाकडे. शब्द बहुतेक योहान कोनराड लिश्टेनबर्ग या पाद्र्याचे, हा ग्राउप्नरचा साडू, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि पुढे प्रसिद्ध झालेला भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग हा याच पाद्र्याचा मुलगा.

कँटाटांचा नंबर हेच तुमचं कॅलेंडर. ११०१ म्हणजे अॅडव्हेंटचा (ख्रिसमसच्या आधीच्या चार आठवड्यांचा) पहिला रविवार, ११०५ ख्रिसमस, ११२७ गुड फ्रायडे, ११२८ ईस्टर, मधले नंबर मधल्या रविवारांचे. तिरप्या रेघेनंतरचे दोन आकडे हे साल, ते कायम सतराशेच्याच शतकातलं. म्हणजे ११०१/२७ दिसलं की १७२७ च्या अॅडव्हेंटचा पहिला रविवार, आणि वर दिलेला १११३/२३ म्हणजे एपिफनीनंतरचा, म्हणजे ६ जानेवारीच्या सणानंतरचा, दुसरा रविवार, १७२३; एकाच दिवसाच्या दोन कँटाटा असल्या की पुढे ए, बी लागतं. ईस्टर दर वर्षी पुढेमागे होतो त्यामुळे जानेवारीच्या शेवटापासून अॅडव्हेंटपर्यंतचे रविवार सरकतात, जुन्या ल्यूथरन पद्धतीच्या चर्च-कॅलेंडरवर या रविवारचं नाव बघायचं आणि नंबर लावायचा. एकाच रविवारच्या वेगवेगळ्या वर्षांच्या दोन कँटाटा पाठोपाठ ऐकल्या तर आणखी उत्तम, १७२० च्या आसपासची एक आणि १७४५ च्या पुढची एक. तोच प्रसंग, तोच माणूस, पण सूर बदललेला असतो, नंतरच्या काळात वाक्यं छोटी होतात, मध्ये मोकळ्या जागा येतात, कधी कधी एखादी आरिया पुढच्या पिढीतल्या हेडनच्या दारात उभी असल्यासारखी वाटते.

पुण्यात सुरू करायला डिसेंबर छान. सवाईचे दिवस असतात, कान तसेही उघडे असतात, आणि अॅडव्हेंटचे चारही रविवार ख्रिसमसच्या आधी येतात. ज्यांना जड, गंभीर काही चालतं त्यांनी गुड फ्रायडेच्या आधीचे आठवडे धरावेत. १७४१ मध्ये ग्राउप्नरने येशूच्या शेवटच्या दिवसांवर कँटाटांची एक मालिका लिहिली, तिची रेकॉर्डिंग्ज बेल्जियमच्या फ्लोरियान हायरिक यांनी केली आहेत, त्यातली एक 'एअरत्सिट्रे, टोल उंड फ्रेखे वेल्ट', जीडब्ल्यूव्ही ११२०/४१. टेकडीवरून आल्यावर, घरचे उठायच्या आत, एक कँटाटा. दहा-वीस मिनिटांचं काम आहे. एका रविवारी एकच, कारण तिसरी-चौथी लावली की कान बधिर होतात आणि सगळं सारखं वाटायला लागतं.

बऱ्याच कँटाटांचं रेकॉर्डिंगच झालेलं नाहीये, आणि खरी गोडी मला तिथे वाटते. ग्राउप्नर वारल्यावर वारस आणि दरबार यांच्यात हे कागद कोणाचे यावरून कोर्टकचेरी झाली, फार वर्षं चालली, निकाल वारसांच्या विरोधात गेला, त्यामुळे त्यांना ना विकता आलं ना छापता आलं. लोक त्याला विसरले ते यामुळे, पण बाखच्या कितीतरी कँटाटा वाटण्या होऊन हरवल्या तसं याचं झालं नाही ते पण यामुळेच, सगळं एका जागी राहिलं. सप्टेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात डार्मश्टाटचा किल्ला जळला, तिथल्या लायब्ररीचं अतोनात नुकसान झालं, तरी ग्राउप्नरच्या हस्तलिखितांचा मोठा साठा वाचला. आज तो डार्मश्टाटच्या विद्यापीठाच्या लायब्ररीने स्कॅन करून फुकट खुला ठेवलाय, जुनं नोटेशन फुकट देणाऱ्या आयएमएसएलपी या साइटवरही भरपूर आहे. म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून तुम्ही तेच पान बघता जे त्याने शनिवारच्या तालमीसाठी तयार केलं असेल.

पान उघडल्यावर घाबरू नका, वरून खाली असं वाचा. सगळ्यात वर वाद्यं, मग गायकांच्या ओळी, सगळ्यात खाली बेस. बेसच्या ओळीवर ६, ७, ४-३ असे बारीक आकडे दिसतील, तो हार्प्सिकॉर्ड किंवा ऑर्गन वाजवणाऱ्याला हुकूम आहे की या सुरावर कोणते सूर भरायचे, कसे भरायचे ते त्याचं त्याने ठरवायचं. ऐकताना एकदा फक्त ही खालची ओळ बोटाने धरून जा, हरवलात तर आकडे नसलेल्या जागा शोधा, तिथे बहुतेक साधा त्रिस्वर असतो आणि पाय जमिनीवर येतात. सोप्रानोच्या ओळीला ट्रेबल क्लेफ (ओळीच्या सुरुवातीची, कोणती रेष कोणता सूर ते सांगणारी खूण) नसतो, सी क्लेफ असतो, आणि तो सगळ्यात खालच्या रेषेवर असतो, म्हणजे ती खालची रेष म्हणजेच मिडल सी. आल्टोला तोच क्लेफ मधल्या रेषेवर, टेनरला चौथ्या. ट्रेबल-बेसवर वाढलेल्या डोळ्यांना पहिल्या दोन-चार पानांना त्रास होतो, मग सोप्रानोची ओळ पेन्सिलने साध्या नोटेशनमध्ये उतरवून काढायची, एक कोराल उतरवला की क्लेफ कायमचा बसतो. वाद्यांची नावं साध्या रोमन अक्षरात असतात पण गाण्याचे शब्द जुन्या जर्मन वळणात, ते वाचायला नको झालं तर कँटाटाचं पहिलं वाक्य सर्चमध्ये टाकायचं, शब्द बहुतेक वेळा छापील मिळतात.

जर्मन शिकणाऱ्यांनी तर हे धरलंच पाहिजे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला, बोट क्लब रोडच्या माक्स म्युलर भवनला एवढी मुलं ए-वन, बी-वन या परीक्षांच्या मागे आहेत, त्यांना ऐकायला तेच ते स्टेशनवरच्या अनाउन्समेंटचे ऑडिओ मिळतात. कोरालची भाषा जुनी आहे, स्पेलिंगही थोडं वेगळं, पण वाक्यं छोटी आणि संथ गायलेली, कर्ता-कर्म-क्रियापद कानाला सुटं सुटं लागतं. रेसिटेटिव्ह मात्र बी-टूच्या आधी नको.

चर्चच्या बाहेर थोडं फिरायचं असेल तर उशिराच्या सिंफनी बघा. पुढचा राजा लुडविग आठवा याला शिकारीचं वेड होतं, आणि हॉर्न, टिंपनी या काळात ग्राउप्नरकडे भरपूर दिसतात, एफ मेजरच्या जीडब्ल्यूव्ही ५६६ मध्ये तर टिंपनी सहा आहेत, म्हणजे नगारे ताल धरून थांबत नाहीत, सूरच म्हणतात. आणि शालुमो हे वाद्य सोडू नका, क्लॅरिनेटचा पूर्वज, किंचित घोगरा, जवळून बोलल्यासारखा आवाज, १७३० च्या दशकापासून तो हे वाद्य कँटाटांत पुन्हा पुन्हा आणतो, कधी व्हिओला द'अमोरे या व्हायोलिनच्या जातीतल्या तंतुवाद्यासोबत, आणि तो रंग त्या काळात दुसऱ्या कोणाकडे इतका ऐकायला मिळत नाही.

सोबत मिळाली तर बघा. कँपात मझदा हॉलला वेस्टर्न क्लासिकलच्या कार्यक्रमांना येणारे चेहरे ठरलेले असतात, मध्यंतरात बोलायला सुरुवात करा, चार जण जमले तरी महिन्यातला एक रविवार कोणाच्या तरी घरी, एकच कँटाटा दोनदा, मध्ये शब्दांचा अर्थ कोणीतरी मराठीत सांगायचा, एवढा कार्यक्रम पुरतो. गाणारे असतील तर कोराल चार आवाजांत म्हणून बघा, सूर अवघड नसतात.

आणि स्टाफ नोटेशन येत असेल तर अजून एक काम करा, रेकॉर्डिंग नसलेल्या कँटाटातली एक आरिया म्युझस्कोरमध्ये उतरवून काढा. ते सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि एक आरिया म्हणजे साधारण एक गायक, दोन व्हायोलिन, व्हिओला आणि बेस, संध्याकाळी थोडं थोडं केलं तरी होऊन जातं. आधी बेस टाका, मग गायक, व्हायोलिन्स शेवटी. प्लेबॅक लावून कुठे खटकलं तर हस्तलिखितात परत जाऊन बघा, शार्प-फ्लॅटच्या खुणा तेव्हा आपल्यासारख्या अख्ख्या मात्राखंडाला लागू धरत नसत, बहुतेक घोळ तिथेच असतो. तयार झालं की आयएमएसएलपीवर चढवा, नावात जीडब्ल्यूव्ही नंबर घाला आणि तुम्ही स्वतः घातलेल्या खुणा कंसात ठेवा, म्हणजे पुढच्या वाजवणाऱ्याला ग्राउप्नरचं काय आणि तुमचं काय ते कळेल.